शेवटच्या रांगेपर्यंत

(दृश्य: इंदूर, राजवाड्यासमोरचा चौक. संध्याकाळ. मांडवात खुर्च्या लागताहेत. माइकवर कोणीतरी ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणतंय.)

निवेदन:

अहिल्योत्सव जवळ आला की इंदुरात भाषणांचा हंगाम सुरू होतो. पाठोपाठ गणपती, मग नवरात्र, मग कोजागरी. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं या शहरानं भरवली, तेव्हा इथल्या कानांना भाषणाची सवय जुनी आहे. भाषण फसलं तरी टाळ्या पडतात. फक्त त्या संपल्याबद्दलच्या असतात.

आज एकच भाषण हातात घेऊ. विषय, देवी अहिल्याबाई. वेळ, दहा मिनिटं. वक्ता पहिल्यांदाच उभा राहणारा कोणीही.

(दृश्य: टेबल, वही, पेन्सिल, मोबाइलवर सेकंद मोजणारं घड्याळ.)

आधी शब्दांचा हिशेब. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांबतो. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द, पण उच्चारायला चार शब्दांचा वेळ खातो. त्यामुळे इंग्रजी भाषणासाठी सांगितलेले वेग इथे लागू पडत नाहीत. शेवटच्या रांगेला समजेल अशा बेतानं बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 110 शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांना हजार? नाही. लिहायचे 850. उरलेला वेळ थांबण्यात जातो, हशात जातो, उशिरा आलेल्यांना जागा करून देण्यात जातो. स्वतःचा वेग काढायचा तर उभं राहून, मोठ्यानं, तीन मिनिटं वाचायचं आणि शब्द मोजायचे. मनातल्या मनात वाचून काढलेली वेळ नेहमी कमी भरते.

लिहायला बसण्याआधी एक वाक्य ठरवावं लागतं: श्रोता घरी गेल्यावर ‘काय बोलले रे?’ असं विचारलं तर त्यानं काय सांगावं? अहिल्याबाई म्हटलं की चौंडी, 1725, खंडेरावांचा मृत्यू, न्यायदान, महेश्वर, साड्या, घाट, काशी, सोमनाथ, 1795 असं सगळं एकदम समोर येतं. दहा मिनिटांत हे सगळं कोंबलं की भाषणाची किराणा यादी होते. आपण एवढंच धरू: राज्य माळव्यात, बांधकामं देशभर. या वाक्याला जे लागत नाही ते बाहेर. महेश्वरी साडी बाहेर काढताना जिवावर येतं, पण काढायची.

(दृश्य: वहीतलं एक वाक्य, अगदी जवळून. पेन्सिल त्याच्यावर रेघ ओढते.)

आता हे वाक्य बघा. ‘अहिल्यादेवींनी आपल्या कारकिर्दीत भारतातील विविध तीर्थक्षेत्री मंदिरे, घाट व धर्मशाळा यांची उभारणी करून सांस्कृतिक ऐक्याचे महान कार्य केले.’

व्याकरणात खोट नाही. छापलं तर चालेल. पण ऐकणाऱ्याला शेवटचं ‘केले’ येईपर्यंत सतरा शब्द डोक्यात धरून बसावं लागतं. वाचणारा डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. शिवाय ‘विविध’ या शब्दानं डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ‘महान कार्य’नं त्याहून कमी.

तेच आता बोलण्यासाठी.

‘काशी. विश्वनाथाचं देऊळ. तिथे आज आपण दर्शन घेतो ते देऊळ उभं राहिलं 1780 साली. पैसा कुठून गेला?’

इथे थांबायचं. मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ म्हणायचं, दोन सेकंद होतात. बोलणाऱ्याला ते दोन सेकंद युगासारखे वाटतात आणि नवखा माणूस घाबरून दीड विठ्ठलातच उत्तर देऊन टाकतो. श्रोत्याला मात्र तेवढ्यातच प्रश्न आपला वाटायला लागलेला असतो.

‘इथून. माळव्यातून. नर्मदेकाठी महेश्वरला बसून एक बाई राज्य करत होती. तिच्या खासगी खजिन्यातून.’

वाक्य आखूड झालं, क्रियापद लवकर आलं, देऊळ दिसलं. सालही एकच. दहा मिनिटांच्या भाषणात दोन सालं पुरेत. तिसरं आलं की पहिलं गळून पडतं.

सुरुवात याच देवळापासून करता येते. तरी नव्वद टक्के वेळा होते ती ‘सन्माननीय व्यासपीठ, अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे’ या नामावळीनं. ही नावं सूत्रसंचालकानं नुकतीच घेतलेली असतात. ती पुन्हा घेण्यात दीड मिनिट जातं आणि त्यात एखादं नाव राहून गेलं तर वर्षभराचा रुसवा पदरात पडतो. ‘व्यासपीठावरचे सगळे मान्यवर आणि श्रोतेहो, नमस्कार’ एवढं पुरतं. त्यानंतरचं वाक्य ‘काशी’.

‘मी काही वक्ता नाही, पण आग्रहाखातर’ हेही नको. ते ऐकून मागच्या दोन रांगा लगेच खात्री करून घेतात.

(दृश्य: आडा बाजारातली दुकानं, गर्दी.)

राजवाड्याच्या शेजारी आडा बाजार आहे. अहिल्याबाईंच्या मुलाच्या, मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडलं, आईनं मुलाला तीच शिक्षा फर्मावली आणि गाय पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली, म्हणून हे नाव, अशी कथा इंदुरात घरोघरी सांगतात. भाषणात ती हमखास रंगते. पण ती दंतकथा आहे आणि तसं म्हणूनच सांगावी. इतिहासात मालेराव 1767 मध्ये आजारानं गेले. सभेत एक तरी निवृत्त मास्तर ही तारीख माहीत असलेले निघतातच. ‘लोक अशी गोष्ट सांगतात’ या चार शब्दांनी गोष्टीची गोडी कमी होत नाही आणि वक्त्याचा शब्द शाबूत राहतो.

आता इंदूरची खास अडचण. समोर आजी बसलेली असते आणि तिच्या शेजारी नात. नात घरी मराठी ऐकते, पण दिवसभर हिंदीत वावरते. ‘गुन्हेगाराला शिक्षा केली’ हे आजीला बरोबर कळतं. नातीच्या कानाला ‘शिक्षा’ म्हणजे शिकवणं. ‘प्रकृती बिघडली’ म्हटलं की तिला झाडं-डोंगर दिसतात. ‘संसार सांभाळला’ यात तिला सगळं जग ऐकू येतं. ‘चेष्टा केली’ हे तिला प्रयत्न वाटतात, ‘राजीनामा दिला’ ही तडजोड. शब्द ओळखीचे असल्यामुळे ती विचारतही नाही, गोंधळ नुसता वाढत जातो.

यावर उपाय मध्येच हिंदीत शिरणं हा नाही. तसं केलं की आजी सुटते. शब्दाला जोडीदार द्यायचा: ‘शिक्षा केली, दंड ठोठावला’. ‘संसार, घरदार’. प्रकृतीऐवजी सरळ तब्येत. मसुदा झाला की असे दोन्ही भाषांत वेगळा अर्थ सांगणारे शब्द लाल पेन्सिलीनं गोल करावेत. एका पानावर चार-पाच सहज निघतात. इंदुरी मराठीतला हिंदीचा हात मात्र धुऊन काढायची गरज नाही. पुण्याची मराठी उसनी घेतलेली इथे पहिल्या मिनिटात ओळखू येते.

(दृश्य: देवळातला सभामंडप. झांजा, पेटी, उभा कीर्तनकार.)

रचनेसाठी फार लांब जायला नको. नारदीय कीर्तन बघावं. पूर्वरंगात एक अभंग आणि त्याचं निरूपण. मग मध्यंतर, बुक्का लावतात, हार घालतात, नामाचा गजर होतो. उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी पुन्हा तोच मूळ अभंग. मध्यंतर येतं ते श्रोता विचार ऐकून दमलेला असतो त्या वेळेला, आणि गोष्ट येते त्यानंतर. दहा मिनिटांच्या भाषणात हा दमण्याचा टप्पा सहाव्या मिनिटाच्या आसपास येतो. तिथे एखादा प्रश्न, एखादी ओवी, हशा, काहीही चालतं. चाल बदलायला हवी. आपल्या भाषणात आडा बाजार नेमका तिथे ठेवायचा.

(दृश्य: दोऱ्यात ओवलेली सात कार्डं.)

टिपणं पाच बाय तीन इंचाच्या जाड कार्डांवर. सात कार्डं, एकाच बाजूला लिहिलेली, कोपऱ्यात आकडा, भोक पाडून दोरा. पूर्ण लिहिलेलं असतं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मधल्या कार्डांवर तीन ते पाच शब्द. मोठा कागद नको, कारण बोटांचा बारीक कंप तो मोठा करून दाखवतो. मोबाइल तर नकोच. पडदा काळा होतो, फोन वाजतो, अंगठा लागून मजकूर भलतीकडे सरकतो.

तिसऱ्या आणि पाचव्या कार्डावर लाल ठिपका. पाहुणे उशिरा येतात, सूत्रसंचालक ‘पाच मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी सरकवतो. तेव्हा ही दोन कार्डं मागे टाकायची. लोक उलटं करतात, सगळं ठेवतात आणि वेग वाढवतात.

(दृश्य: माइक, जवळून. मागे रिकाम्या खुर्च्या.)

माइक हनुवटीच्या उंचीला, तोंडापासून चार बोटं ते वीतभर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं पडतो, म्हणून मान वळवून बोलणाऱ्याचे अर्धे शब्द गायब होतात. प, फ, ब, भ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. ‘भारत’, ‘प्रजा’ हे शब्द माइकवर आदळून फटका बसतो. माइक थोडा तिरका केला की झोत बाजूनं जातो. हातातला माइक जाळीशी मुठीत धरला तर मागची छिद्रं बुजतात, तो सगळीकडचा आवाज ओढायला लागतो, स्पीकरचाही, आणि शिट्टी फुटते. खाली, दांड्याला धरायचा.

आवाजाची चाचणी रिकाम्या सभागृहात होते, तेव्हा भिंती आवाज परत देतात आणि सगळं दमदार वाटतं. माणसं भरली की त्यांची अंगं आणि कपडे तो पिऊन टाकतात, वर पंखे सुरू होतात. त्यामुळे साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवावं: लोक बसले की थोडा वाढवा. आणि पहिल्या वाक्याला शेवटच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघावं. तो पुढे झुकून कान देत असेल तर आवाज पोहोचलेला नाही.

हातवाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नये. कार्डं एका हातात असली की दुसरा आपोआप नीट वागतो.

(दृश्य: सातवं कार्ड. त्यावर एकच ओळ.)

शेवट. ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ हे ऐकू आलं की पर्सच्या चेन ओढल्या जातात, चपला चाचपल्या जातात, आणि त्यानंतर आलेली चांगली ओळ त्या आवाजात बुडते. म्हणून सूचना न देता मूळ वाक्याकडे यायचं.

‘काशीला जाल तेव्हा गंगेकाठी पायऱ्यांवर क्षणभर थांबा. घाटाचं नाव विचारा. अहिल्याबाई घाट. खर्च इंदूरच्या होळकरांकडचा.’

एक विठ्ठल, दोन विठ्ठल. नमस्कार. आणि माइकपासून एक पाऊल मागे.

(दृश्य: सूत्रसंचालक माइककडे येतो. मागच्या रांगेत आजी नातीला काहीतरी समजावतेय.)