संगणक काहून बोलंना?

नमस्कार श्रोतेहो. मी परभणीत दृष्टिहीन मुलांना संगणक शिकवतो. आज स्क्रीन रीडरबद्दल बोलायचंय, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामबद्दल.

आमची मुलं विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतात. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला, आणि आजही तो फुकट मिळतो. पण चालतो फक्त विंडोजवर. विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स, तिच्यावर ऑर्का. ॲपलच्या मॅकवर व्हॉइसओव्हर. प्रत्येकाचे आवाज वेगळे आणि कळाही वेगळ्या.

सेलूजवळच्या खेड्यातला माझा एक विद्यार्थी. घरी तीन एकर कोरडवाहू, आणि हा स्पर्धा परीक्षेच्या मागं लागलेला. एकदा फॉर्म भरायला तालुक्याच्या एका केंद्रात गेला. सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "सर, हे बोलंना. काहून बोलंना?" मागून तिथल्या भाऊंचा आवाज येत होता, "अहो, ह्यात ते आंधळ्यायचं सॉफ्टवेअर न्हाई."

मी म्हटलं, भाऊंना विचार, पडद्याचा रंग कोणता आहे? जांभळा, म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं, हे विंडोज नाही, उबंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. म्हणजे ऑर्का आत असणार. कुणी उठवलेला नाही, एवढंच.

"स्पेसबारच्या डावीकडं ऑल्ट. त्याच्या शेजारी खिडकीचं चिन्ह असलेली कळ. दोन्ही दाबून धर आणि एस दाब."

त्याला कळा शोधाव्या लागल्या नाहीत. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, त्यावर तर्जनी ठेवली की सगळा कीबोर्ड हाताखाली येतो. गावोगावचे बरेच टायपिंगचे क्लास बंद पडले, ते फार वाईट झालं, असं मला मनापासून वाटतं. बोटांना अक्षरं पाठ असणं ही डोळस पोरांचीही गरज आहे. आता सगळे दोन अंगठ्यांनी लिहितात.

तर त्यानं कळा दाबल्या, आणि फोनमधून मला तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज ऐकू आला, "स्क्रीन रीडर ऑन." पोरगा क्षणभर गप्पच. मग सवयीनं त्यानं इन्सर्ट आणि टी दाबलं. एनव्हीडीएत त्यानं पडद्यावर उघडलेल्या खिडकीचं नाव कळतं. ऑर्कानं वेळ सांगितली! "सर, म्या नाव इचारलं, हे टाइम सांगायलंय!" आम्ही दोघंही हसलो. पण एच दाबल्यावर तो मथळ्यावरून मथळ्यावर बरोबर उड्या मारू लागला, कारण ती कळ दोन्हीकडं सारखीच आहे. अर्ध्या तासात गडी फॉर्मच्या पानावर फिरत होता. भाऊ खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि मला म्हणाले, "सर, ह्या कळा मला लिहून द्या."

श्रोतेहो, तुम्हीही लिहून घ्या. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो, तो सुरू करायला एकत्र दाबायच्या कळा : विंडोज, कंट्रोल आणि एंटर. पुन्हा सांगतो, विंडोज, कंट्रोल, एंटर. उबंटूवर ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस. मॅकवर कमांड आणि एफ पाच. परक्या संगणकापुढं बसलात, तर आधी या कळा दाबून बघा.

फॉर्मच्या सूचना मात्र त्या दिवशी अडल्या. फाइल जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. असल्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, वरून फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर आतलं वाचतो, आणि कानावर नुसता कचरा येतो. विंडोज घ्या, लिनक्स घ्या, मॅक घ्या, तिन्हीकडं तोच कचरा. युनिकोडमध्ये मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठवलेलं असतं, म्हणून त्यात टाइप केलेलं मराठी सगळीकडं वाचता येतं. म्हणून शाळा, ग्रामपंचायती, झेरॉक्सवाले, सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नोटीस युनिकोडमध्ये टाइप करा. आणि तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, मजकूरच पाठवा.

त्या सूचना मी संध्याकाळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या आणि त्याच्या मोबाइलवर पाठवल्या. रात्री त्याचा फोन आला. टॉकबॅकवर, म्हणजे मोबाइलमधल्या स्क्रीन रीडरवर, सगळं ऐकून झालं होतं. फॉर्मची शेवटची तारीख त्यानंच मला सांगितली.

नमस्कार.