परत जोड

(पहाट. कापणी झालेलं भाताचं शेत. ट्रॉलीतून माती ओतली जाते.)

जत्रेच्या कुस्त्यांसाठी हौद्याची, म्हणजे लाल मातीच्या आखाड्याची, आखणी झालीय. ४० फूट लांब, ४० फूट रुंद. फूटभर थर द्यायचा तर १,६०० घनफूट, म्हणजे १६ ब्रास माती. खानापूरच्या अंगाची लाल माती मिळाली तर बरं. काळ्या रानातली माती इथं कामाची नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की तिची ढेकळं होतात, आणि त्या ढेकळावर खांदा आपटला की पैलवानाचा हंगाम संपला.

आधी चाळण. मग हळद, लिंबू, ताक, तेल. प्रमाण कागदावर नसतं, वस्तादाच्या मुठीत असतं. माती मुठीत आवळली की गोळा व्हावा आणि बोट टोचलं की तो फुटावा. तेल जास्त झालं तर पकड सुटते. पाणी कमी पडलं तर पहिल्या दहा कुस्त्यांतच धुरळा उठतो आणि मागच्या माणसाला हलगी ऐकू येते, कुस्ती दिसत नाही. रात्री शिंपायची, सकाळी खोऱ्यानं उलथायची, दुपारी सपाट करायची. तालमीतली दोन ट्रॉल्या जुनी माती यात मिसळलीय, दुधाला विरजण लावावं तशी.

(हलगी. लांग आवळणारे हात.)

१९१२ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं, आणि सीमाभागातली पोरं तिकडच्या तालमींची वाट धरू लागली. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे, आणि संक्रांतीनंतर पाऊस लागेपर्यंत गावोगावच्या जत्रांची मैदानं आहेत. यामागे ना फेडरेशन, ना कंपनी. गावची कुस्ती कमिटी, वर्गणीचं पुस्तक आणि एक माईक.

(गर्दी. मग तीच जागा, अर्धी रिकामी.)

दुपारी तीनला नारळ फुटतो. पत्रकावर ६० कुस्त्या आहेत. आत येणं, सलामी, कुस्ती, बक्षीस मिळून एकीला सरासरी आठ मिनिटं धरली तरी आठ तास होतात. म्हणजे पहिल्या नंबरची कुस्ती, जिच्या नावावर पत्रक छापलं ती, रात्री अकराला. कर्णा दहाला बंद करावा लागतो. शेवटची बस त्याच्या आधीच गेलेली असते. आणि एवढं थांबून बघायला काय मिळतं, तर अर्धा तास उभ्यानं नुसती खडाखडी आणि बरोबरी.

लोक म्हणतात, कुस्तीला पूर्वीसारखा माणूस येत नाही. माणूस येतो. सातला उठून जातो.

म्हणून आधी पत्रक छोटं करायचं. पोरांच्या २० कुस्त्या पाच-पाच मिनिटांच्या, मधल्या १४ दहा मिनिटांच्या, वरच्या ४ वीस मिनिटांच्या. सगळं मिळून ३२० मिनिटं. चारला सुरू केलं तर नऊ वीसला उरकतं. उरलेली ४० मिनिटं फेट्यांना आणि सत्कारांना. त्यात भागत नसेल तर पाहुणे कमी करा, पोरांच्या कुस्त्या नकोत.

(सकाळ. देवळाच्या ओसरीवर वजनकाटा. लंगोटावर उभी पोरं.)

मैदान बनतं ते इथं, या काट्यावर. एरवी जोड कशी लागते? पोरं हौद्याकडेला उभी राहतात, कमिटीतला एकजण दोघांचे हात धरतो, उंची बघतो आणि म्हणतो, लाव. चार बोटांनी उंच असलेला पोरगा सहा किलोनं जड निघतो. दहा सेकंदांत पाठ टेकते. हरणारा पुढच्या वर्षी येत नाही, जिंकणाराही काही शिकत नाही.

सकाळी नऊ ते बारा नोंदणी. वहीत सहा रकाने: नाव, तालीम, वय, वजन, मागच्या तीन कुस्त्यांचे निकाल, आणि हातखंडा डाव. चाळीस किलोच्या आतल्या पोरांत दोन किलोपेक्षा जास्त फरक नको, त्यावर तीन, मोठ्यांत पाच. सहावा रकाना बहुतेक कमिट्या ठेवत नाहीत, आणि तिथंच चुकतं. दोघंही बचावाचे असतील तर मनगटं धरून गोल फिरत राहतात. पाय ओढून पट काढणाऱ्यासमोर मान-हात धरून ढाक मारणारा लावा. घिस्सा भरणाऱ्याला, म्हणजे खाली आलेल्याला मागून उलटवणाऱ्याला, असा प्रतिस्पर्धी द्या, जो खालून निसटायला शिकलाय. वजन जुळलं की जोड लागते. काटा जोड, म्हणजे तोडीस तोड, लागायची तर डाव जुळवावे लागतात.

(मधली कुस्ती, पूर्ण. फक्त हलगी.)

ही बरोबरीत सुटली. आता पैशाचं बघू.

दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरलं असेल तर पडायचं कुणी आणि का? नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली, म्हणून प्रेक्षक ओरडतात, पण तिची सोय बक्षिसाच्या वाटणीनंच करून ठेवलेली असते. समजा जोड १० हजारांची आहे. दोघांना दोन-दोन हजार, प्रवास आणि खुराकाचे. उरलेले सहा हजार जिंकणाऱ्याला. ठरल्या वेळेत निकाल नाही लागला तर थोडा वाढीव वेळ, त्यात पहिला गुण घेणारा विजयी. तरीही बरोबरी राहिली तर ते सहा हजार कमिटीच्या पेटीत, त्याच जोडीच्या नावावर.

आणि तीच जोड पुढच्या गावच्या जत्रेत परत लावायची. बेळगावाजवळच्या सांबऱ्यात अडकलेले सहा हजार कंग्राळीच्या सहा हजारांवर चढतील. तिथंही सुटली नाही तर कडोलीत अठरा. तीन गावांच्या कमिट्यांनी एकच वही वापरायची, एवढंच जमायला हवं. (गावागावांचं पटणं हा वेगळा डाव, त्याला अजून नाव पडलेलं नाही.) मग माणूस नाव वाचून येत नाही, राहिलेला हिशेब बघायला येतो.

समजा ५ लाख जमले. वरच्या ४ कुस्त्यांना मिळून २ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. मधल्या १४ जोडींना १० हजारांप्रमाणे १ लाख ४० हजार. पोरांच्या २० जोडींना दोन-दोन हजार, म्हणजे ४० हजार. राहिले १ लाख २० हजार: माती, दिवे, चित्रीकरण, डॉक्टर. बाहेरचा मोठा पैलवान आणायला एवढ्यात परवडणार नाही. नको आणायला.

(मुलींची कुस्ती. कडेला बसलेल्या बायका.)

मुलींच्या जोडी शेवटी घुसवायच्या नाहीत. साडेपाचला, गर्दी भरात असताना.

(संध्याकाळ. कॅमेऱ्याचा मचाण.)

कॅमेरा पश्चिमेला, दहा-बारा फूट उंचीवर, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. दिवे चार कोपऱ्यांत. एकाच बाजूनं उजेड असेल तर खालच्याचे खांदे सावलीत जातात आणि चितपट झाली की नाही यावर मारामारी होते. प्रत्येक कुस्तीची वेगळी चित्रफीत करायची. तिच्यावर दोघांची नावं, तालीम, वजन आणि डाव लिहायचा. ‘खतरनाक कुस्ती’ असं लिहिलेली फीत कुणाची, हे त्या पोराच्या आईलासुद्धा सापडत नाही.

समालोचक दोन हवेत, किंवा दोन्ही भाषा येणारा एक. दावणगेरेच्या गरडी मनेतून, म्हणजे तिकडच्या तालमीतून, आलेल्या पैलवानाला आपलं नाव कन्नडमध्ये ऐकू आलं पाहिजे. मराठीतला घिस्सा त्याच्या पाठीला कळतोच.

(आभाळ भरून येतं. धावपळ.)

वळीव. ताडपत्री हौद्याजवळच हवी, गोदामात नको. भिजलीच तर वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढायची आणि झाकून ठेवलेली कोरडी माती पसरायची. एक ट्रॉली राखीव असेल तर अर्ध्या तासात मैदान पुन्हा सुरू. कोरडी वाळू टाकली तर कातडं जातं.

डॉक्टर आणि रुग्णवाहिका हौद्याशेजारी. अंगावर गजकर्ण दिसलं तर त्या दिवशी कुस्ती नाही.

(रात्र. माती परत ट्रॉलीत भरली जाते. ओसरीवर वही उघडी.)

नऊ चाळीसला मैदान संपलं. माती तालमीच्या शेडखाली जाईल. पुढच्या वर्षी ती पुन्हा चाळायची, नवीन दोन ब्रास मिसळायची. वहीत तीन जोडींपुढं ‘परत’ लिहिलंय. पहिलीचं वजन ५७ आणि ५८. पुढची जत्रा अठरा दिवसांवर.