होम प्लेटच्या मागची रांग

[दृश्य : उन्हाळ्यातली संध्याकाळ. एक छोटं बेसबॉल स्टेडियम. कॅमेरा होम प्लेटच्या मागच्या खुर्च्यांवर स्थिरावतो.]

होम प्लेट म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा. तिच्या मागच्या या तीन-चार रांगा नीट बघा. बाकीचं स्टेडियम हॉट डॉग खायला, पोरांना मोकळं सोडायला आणि सामन्यानंतरची आतषबाजी बघायला आलेलं आहे. प्रत्येक चेंडू बघणारी माणसं इथे बसतात. चेंडूचा वेग मोजणारी रडार गन हातात घेतलेले स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे. आज ज्यांची पाळी नाही असे एक-दोन पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू), मांडीवर कागद घेऊन चेंडूंची नोंद करणारे. आणि यांच्या अधेमधे, पाठीवर आपलंच आडनाव छापलेली जर्सी घातलेली पन्नाशीची जोडपी.

हे आईवडील. पोराने यादीत नाव लिहून ठेवलेलं असतं, खिडकीवर ते सांगितलं की पास मिळतो. घरचा संघ जिंकला काय, हरला काय, यांच्या चेहऱ्यावर फारसा फरक दिसत नाही. त्यामागे कारण आहे.

अमेरिका आणि कॅनडात मिळून मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगचे, क्लब ३०. प्रत्येक क्लबच्या हाताखाली चार संघ, खालून वर : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२०. त्याच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या नवख्यांच्या लीग. या सगळ्याला मिळून मायनर लीग म्हणतात. आपल्याला चटकन रणजी आठवते, पण रणजीत मुंबईचा खेळाडू मुंबईला जिंकवायला उतरतो. इथे संघाला नाव गावाचं, मैदान गावाचं, मालकही बहुधा वेगळा. खेळाडू मात्र वरच्या क्लबचे. पगार तोच देतो, कोण किती चेंडू टाकणार हे तोच ठरवतो आणि हंगाम ऐन रंगात आला असताना सर्वांत चांगला पिचर तोच उचलून वर नेतो. गाव टाळ्या वाजवून निरोप देतं. दुसरं करणार काय?

[दृश्य : शेजारी बसलेल्या दोन आया. एकीच्या हातात दुसरीने दिलेला पॉपकॉर्नचा डबा.]

एकाच संघात दोन शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या एकाच जागेचे दोन दावेदार, असतात. दोघांच्या आया एकत्र बसतात, एकमेकींची पर्स सांभाळतात, एकाच मोटेलात उतरतात. एकीचा मुलगा वर गेला, तर दुसरीच्या मुलाला रोज खेळायला मिळतं. तो गेला नाही, तर दुसरीचा मुलगा बाकावर. दोघींनाही हे ठाऊक असतं आणि दोघीही एकमेकींच्या मुलांसाठी ओरडतात. यात ढोंग मुळीच नसतं. रोजच्या सामन्यात बाजूला बसून चार महिने काढले की दुसऱ्याच्या पोराचं वाईट चिंतणं अवघड होऊन बसतं, आणि स्वतःच्या पोराचा विचार सोडणं तर अशक्यच.

हा प्रवास या स्टेडियमच्या बराच आधी सुरू झालेला असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे खासगी संघ असतात, शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, संघाची फी वेगळी, हॉटेल वेगळं, पेट्रोल वेगळं. शिवाजी पार्कवर पहाटे स्कूटरवरून किट बॅग आणि पोरगं पोचवणारा बाप आपल्या ओळखीचा आहे. तोच बाप इथे सहाशे किलोमीटर गाडी चालवतो, एवढाच फरक.

मग ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम. २०२१पासून तो २० फेऱ्यांचा असतो. पूर्वी पुष्कळ लांबायचा. १९८८मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने माइक पियाझा नावाच्या मुलाला ६२व्या फेरीत घेतलं, तेव्हा तो एकूण १,३९०वा खेळाडू होता. घेतलं तेही त्याचे वडील डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांचे जुने मित्र होते म्हणून. या वडिलांनी परसात मुलासाठी बॅटिंगचा पिंजरा उभारला होता. २०१६मध्ये पियाझा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. आता परसात पिंजरा बांधणाऱ्या प्रत्येक बापाला ही गोष्ट पाठ असते. बांधून काहीच न झालेल्यांची गोष्ट कोण सांगणार, त्यामुळे ती कुणालाच पाठ नाही.

[दृश्य : बाह्य मैदानाची भिंत. बँका, कार विक्रेते, पिझ्झाची दुकानं यांचे फलक.]

भिंतीवर प्रायोजकांचे फलक आहेत. मायनर लीगचा सगळ्यात मोठा प्रायोजक या भिंतीवर कधीच नव्हता, तो होम प्लेटच्या मागे बसायचा. २०२२पर्यंतचा हिशेब बघा. सिंगल-ए खेळाडूला वर्षाला साधारण ११,००० डॉलर, ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दारात उभं असताना, १७,५००. सराव शिबिरात पगार नाही, हिवाळ्यात पगार नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा जण हवेच्या गाद्यांवर झोपायचे, किंवा गावातलं एखादं कुटुंब पोराला आपल्याकडे ठेवून घ्यायचं. उरलेली तूट कोण भरून काढत होतं, ते सांगायला नको. ऑक्टोबरात पोरगं घरी यायचं, आपल्या शाळेच्या दिवसांतल्या खोलीत राहायचं आणि गोदामात नाहीतर शाळेत बदली शिक्षक म्हणून काम शोधायचं. अब्जावधींच्या धंद्याचं प्रशिक्षण केंद्र घरोघरच्या आईवडिलांच्या पगारावर चालत होतं. माझ्या मते याला प्रेम म्हणून सोडून देणं सोयीचं होतं, आणि क्लबांनी वर्षानुवर्षं तेच केलं.

२०१४मध्ये ॲरन सेन या माजी खेळाडूच्या नावाने किमान वेतनासाठी खटला दाखल झाला. वकिलांपैकी गॅरेट ब्रॉशियस स्वतः मायनर लीगमध्ये पिचर होता. खटला चालू असतानाच, २०१८मध्ये, खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकात एक कलम घुसवून या खेळाडूंना किमान वेतनाच्या संरक्षणातून जवळपास बाहेर काढण्यात आलं. त्या कायद्याचं नाव होतं ‘सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट’, म्हणजे राष्ट्रीय खेळ वाचवण्याचा कायदा! पण खटला तग धरून राहिला. २०२२मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी राहण्याची सोय क्लबांवर बंधनकारक झाली, खेळाडू संघटनेत सामील झाले आणि मार्च २०२३मध्ये पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-ए २६,२००. ट्रिपल-ए ३५,८००. श्रीमंती म्हणता येणार नाही, पण किराणा मुलगा स्वतःच्या पैशांनी भरू लागला. त्या वर्षी मेजर लीगमधला किमान पगार होता ७,२०,००० डॉलर.

[दृश्य : फ्रीजवर चिकटवलेलं वेळापत्रक. त्यावर पेनने केलेल्या खुणा.]

२०२१पासून मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. याने आईवडिलांचं आयुष्य बरंच सोपं झालं. ज्यांचा मुलगा सुरुवातीचा पिचर, ते सगळ्यांत सुखी. त्याची पाळी आठवड्यातून साधारण एकदाच, त्यामुळे विमानाचं तिकीट आधी काढता येतं. बॅटरच्या घरच्यांना रोज चार वेळा श्वास रोखायचा असतो. खरे हाल राखीव पिचरच्या आईवडिलांचे. हजार मैल येऊन तीन दिवस बसायचं आणि पोराला कुंपणापलीकडे नुसता हात झटकताना बघून परत जायचं.

बाकीचे दिवस घरी, स्क्रीनसमोर. मायनर लीगच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण मिळतं. काही मैदानांवरून चार कॅमेरे, काही मैदानांवरून एकच आणि तोही हलणारा. ते बंद पडलं, तर मोबाइलवर चेंडूगणिक येणारा नुसता मजकूर. २०२२मध्ये मायनर लीगभर चेंडू टाकण्यावर घड्याळ आलं आणि सामने सरासरी २५ मिनिटांनी लवकर आटोपू लागले. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. आयांनी मात्र त्या घड्याळाला दुवा दिला असणार.

अर्जुन निम्मलाचं उदाहरण घ्या. आईवडील मूळचे आंध्रातले, घर फ्लोरिडात टँपाजवळ. हा मुलगा लहानपणी क्रिकेट खेळला, मग बेसबॉलकडे वळला. २०२३च्या ड्राफ्टमध्ये टोरंटो ब्लू जेजने त्याला पहिल्या फेरीत, २०व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. नशीब असं की क्लबचा सिंगल-ए संघ डनीडनमध्ये, त्याच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. २०२४चा हंगाम तिथे गेला. २०२५मध्ये हाय-ए, म्हणजे व्हँकुव्हर, खंडाचं थेट दुसरं टोक. तिथे संध्याकाळी सातला पहिला चेंडू पडतो, तेव्हा फ्लोरिडात रात्रीचे दहा वाजलेले असतात. बढती मिळाली की आईवडिलांची झोप अशी जाते.

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरमध्ये न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए संघ आहे, सॉमरसेट पॅट्रियट्स. त्या भागात भारतीय घरं भरपूर, त्यात मराठीही आली. त्या मैदानावर मराठी कुटुंबं पोरांना घेऊन जातात ती अजून तरी प्रेक्षक म्हणून.

[दृश्य : जाळीआडचं सरावाचं मैदान. प्रेक्षागृह नाही.]

आणि ज्यांना येणंच शक्य नाही ते? २००८मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्यांची एक स्पर्धा झाली. उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग नव्हे), ट्रकचालकाचा मुलगा, मूळचा भालाफेकपटू, ती जिंकला. तो आणि वाराणसीजवळचा दिनेश पटेल, दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. २००९मध्ये ते फ्लोरिडातल्या ब्रेडंटनला, सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळले. तिथे दुपारच्या उन्हात सामने होतात, तिकीट नाही, प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. भाला फेकणारा मुलगा अमेरिकेत नेमकं काय करतो, हे गावातल्या घरच्यांना समजावणं हाच एक सामना झाला असेल. डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातली मुलं सोळाव्या वर्षी सही करतात. त्यांच्या आईवडिलांना खेळ पक्का समजतो, व्हिसा मिळत नाही.

मायकल जॉर्डनची गोष्ट उलटी. जुलै १९९३मध्ये वडिलांची हत्या झाली. मुलाने बेसबॉल खेळावं ही त्या वडिलांची इच्छा. १९९४मध्ये जगातला सगळ्यात प्रसिद्ध बास्केटबॉलपटू बर्मिंगहॅम बॅरन्स या डबल-ए संघाच्या बसमध्ये बसला. वर्षभरात बॅटिंगची सरासरी .२०२, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक हिट. मायनर लीगमध्ये एवढ्यावर कोणी फार काळ ठेवत नाही.

[दृश्य : क्लबहाउसचं दार. आत-बाहेर करणारे खेळाडू.]

वर जातो तो दहातला एखादा, असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. ड्रू मॅगी त्यातला. २०१०मध्ये पायरेट्सने घेतलं, १३ वर्षं, वेगवेगळे क्लब, मायनर लीगचे १,१५५ सामने. २६ एप्रिल २०२३ला, वयाच्या ३३व्या वर्षी, तो पिट्सबर्गमध्ये मेजर लीगचा पहिला चेंडू खेळायला उतरला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. तो बाद झाला. थोड्याच दिवसांत परत खाली.

बाकीच्या नऊ जणांचा शेवट बहुधा मार्चअखेर होतो, सराव शिबिर संपताना. सकाळी लॉकरपाशी कोणीतरी येतं, ऑफिसात बोलावलंय म्हणून सांगतं. २०२४पासून प्रत्येक क्लबला अमेरिकेत १६५ खेळाडूच ठेवता येतात, आधी १८० होते, त्यामुळे हे बोलावणं आणखी लवकर येऊ लागलंय. पहिला फोन घरी जातो. वडील एवढंच विचारतात, गाडीत सामान मावेल का.

सही करतानाच अनेक मुलांच्या करारात एक कलम घालून घेतलेलं असतं : खेळ सुटला तर राहिलेल्या कॉलेजचा ठरलेला खर्च क्लब देईल. अट अशी की क्लब सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत वर्गात बसलं पाहिजे. मुलगा अठराव्या वर्षी ते कलम वाचत नाही, आई वाचते. म्हणून घरी आलेल्या मुलाला ती पंधरा दिवस काही बोलत नाही. हवं ते खाऊ देते, दुपारपर्यंत झोपू देते. सोळाव्या दिवशी विचारते, फॉर्म भरायची शेवटची तारीख बघितलीस का?