रोममध्ये पायी एक दिवस: पाण्याच्या मागे मागे

नमस्कार मंडळी! आज रोम. बस नाही, मेट्रो नाही. दोन पाय आणि ही रिकामी बाटली. बाटली कशाला, ते कळेलच.

रोमला एकच दिवस मिळाला की माणूस काय करतो? कोलोसियमची रांग, व्हॅटिकनची रांग आणि रात्री हॉटेलवर पाय चेपत बसणं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं, वर नवेकोरे बूट घालून! इथल्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडाचे छोटे ठोकळे बसवलेत, साम्पिएत्रिनी म्हणतात त्यांना. फोटोत झकास दिसतात, पण दुपारपर्यंत तळपायांना एकेक ठोकळा ओळखू यायला लागतो. तेव्हा वापरून मऊ झालेलेच बूट घाला.

या वेळी ठरवलं, फक्त पाण्याच्या मागे जायचं. इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पानं, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या जावयानं, साधारण २० किलोमीटर लांबीच्या कालव्यानं शहरात पाणी आणलं. नाव आक्वा व्हिर्गो. कालवा बहुतेक जमिनीखालून, उतार अगदी थोडा. हा उतार लक्षात ठेवा.

सुरुवात पियात्सा दी स्पान्या या चौकापासून. सगळे बघतात त्या प्रसिद्ध पायऱ्यांकडे. बसू नका हं तिथे, २०१९ पासून दंड आहे. तुम्ही पायथ्याचं कारंजं बघा. अर्धी बुडालेली नाव! व्हिर्गोच्या पाण्याला इथे जोरच नव्हता, उंच उडणार कुठून? मग शिल्पकार पिएत्रो बेर्निनीनं कारंजं जमिनीच्या पातळीखाली उतरवलं आणि त्याची गळकी होडी केली. अडचण लपवायची तर अशी.

तिथून दहा-बारा मिनिटांवर त्रेव्हीचं कारंजं. १७६२ मध्ये पूर्ण झालं, पाणी तेच. गर्दीबद्दल मी काही बोलत नाही, उजाडताच या. नाणं टाकायचं तर टाका, ते पैसे गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जातात. पण जरा मान वर करा. डावीकडच्या कोरीव चित्रात कालव्याचा आराखडा मंजूर करतोय तो आपला अग्रिप्पाच.

आता बाटली. रस्त्याकडेला हा लोखंडी नळ दिसतोय? याला म्हणतात नासोने, म्हणजे मोठ्ठं नाक. १८७० च्या दशकापासून आहेत, शहरभर अडीच हजारांच्या आसपास. पाणी अखंड वाहतं आणि पिण्याचंच असतं. हे बघा, तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, थेट तोंडात. पहिल्यांदा माझ्या चष्म्यावर उडाली होती, ते सोडा.

पुढे पँथिऑन, प्राचीन रोमन देऊळ. दर्शनी भागावर कोरलंय: हे अग्रिप्पानं बांधलं. खरं तर त्याची इमारत जळाली. ही दुसऱ्या शतकातली, सम्राट हेड्रियनच्या काळची. त्यानं नाव मात्र जुनंच ठेवलं. २०२३ पासून तिकीट लागतं, द्या. घुमट ४३ मीटर रुंद आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. लोखंडी सळया न घालता ओतलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात नाही. मधोमध उघडं भोक, पाऊस सरळ आत पडतो. म्हणून आता खाली बघा. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी जिरायला ही बारीक छिद्रं आहेत. सगळे वर बघत असतात. मी इथे पाच मिनिटं उकिडवा बसलो, लोकांना वाटलं काहीतरी हरवलंय.

शेवटचा थांबा पाच मिनिटांवर, पियात्सा नाव्होना. चौक असा लांबट का? तर खाली रोमन सम्राट डोमिशियनचं स्टेडियम आहे. मधल्या १६५१ च्या कारंज्यावर चार नद्या: नाईल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली प्लाता आणि... गंगा! नाईलनं तोंड झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा माहीत नव्हता. समोरचं चर्च बघवत नाही म्हणून झाकलं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. त्या चर्चचं काम कारंजं झाल्यावर सुरू झालं.

आणि आपली गंगा कुठली, ओळखा. साडी नाही, मगर नाही. थांबा, जवळून दाखवतो. हातात लांबलचक वल्हं घेऊन बसलेला हा दाढीवाला बाप्या दिसतोय ना? हीच.