हुन्यादी घराणे: उदय आणि शंभर वर्षांतील अस्त

नमस्कार. हंगेरीच्या राजा सिगिस्मंडने १४०९ साली वोइक नावाच्या आपल्या एका दरबारी सरदाराला ट्रान्सिल्व्हेनियातील हुन्याद हा किल्ला इनाम दिला, आणि त्या किल्ल्यावरूनच हे घराणे हुन्यादी म्हणून ओळखले जाऊ लागले. तो किल्ला आज रोमानियात आहे.

वोइकचा मुलगा यानोश याने केवळ तलवारीच्या बळावर घराण्याला सत्तेच्या शिखरावर नेले. १४४४ मध्ये उस्मानी तुर्कांविरुद्धच्या वार्नाच्या लढाईत राजा मारला गेला, तेव्हा वारस अल्पवयीन असल्याने दोन वर्षांनी यानोशलाच राज्याचा कारभारी नेमण्यात आले. १४५६ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने बेलग्रेडला वेढा घातला असता, तीनच वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या त्या सैन्याला यानोशने माघार घ्यायला लावली. मात्र विजयानंतर काही आठवड्यांतच छावणीत पसरलेल्या प्लेगने त्याचा बळी घेतला.

त्याच्या मागे वैरी टपलेलेच होते. थोरला मुलगा लास्लो याचा १४५७ च्या मार्चमध्ये राजधानी बुदा येथे राजाज्ञेने शिरच्छेद झाला आणि धाकटा मात्याश कैदेत पडला. तो राजा, म्हणजे पूर्वीचा अल्पवयीन वारस लास्लो पाचवा, त्याच वर्षी निपुत्रिक वारला, आणि जानेवारी १४५८ मध्ये सरदारांनी अवघ्या चौदा वर्षांच्या मात्याशला राजा म्हणून निवडले. माझ्या मते या घराण्याचे सारे भवितव्य या 'निवडले' शब्दात आहे, कारण सरदारांनी दिलेले सिंहासन सरदारच परत घेऊ शकत होते.

मात्याशने भाडोत्री शिपायांची काळी सेना उभारली, बुदामध्ये कोर्विना हे अप्रतिम ग्रंथालय वाढवले आणि १४८५ मध्ये व्हिएन्ना जिंकले. परंतु या सेनेचा खर्च जवळजवळ दरवर्षी लादलेल्या जादा करातून निघत होता आणि सरदारांचा त्याला तीव्र विरोध होता. राणी बेआत्रिसपासून त्याला मूल झाले नाही. अनौरस पुत्र यानोश कोर्विन याला वारस करण्यासाठी त्याने किल्ले आणि जहागिऱ्या दिल्या, अनेकांकडून वचने घेतली. तरीही १४९० मध्ये त्याचा मृत्यू होताच सरदारांनी कर रद्द करण्याचे आश्वासन देणारा बोहेमियाचा राजा व्लादिस्लाव निवडला. पगार थकलेली काळी सेना काही वर्षांतच मोडून गेली.

कोर्विन १५०४ मध्ये वारला, त्याचा मुलगा क्रिस्तोफ पुढच्याच वर्षी, आणि मुलगी एर्झेबेत १५०८ मध्ये. कोर्विनच्या विधवेने १५०९ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या गेओर्गशी विवाह केला. तो व्लादिस्लावचा सख्खा भाचा होता, आणि हुन्यादचा किल्ला त्याच्याकडे गेला.