गोलाईचे पाते

राजापूर तालुक्यातील एका जुन्या घरात देवघराची चौकट फणसाच्या लाकडाची आहे. अनेक पावसाळ्यांच्या ओलीने तिच्या उजव्या बाजूचा खालचा हातभर भाग कुजला असून तेवढाच तुकडा कापून नवा बसवायचा आहे. माळ्यावर फणसाची वाळलेली फळी आहे, त्यामुळे लाकडाची चिंता नाही. चिंता आहे ती चौकटीच्या कडेने वर चढत गेलेल्या नक्षीची. एक गोलाई, तिला लागून बारीक खोबण आणि मग सपाट पायरी अशी ही नक्षी हाताने रंधलेली आहे. तिला तंतोतंत जुळेल असे तयार हत्यार कुठे मिळाले नाही, म्हणून मिस्त्रींनी रंध्याचे पातेच नव्याने घडवायला घेतले आहे.

पोलाद झिजलेल्या कानशीचे आहे. भट्टीत लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवल्यामुळे ते इतके नरम झाले आहे, की आता दुसरी कानस त्याच्यावर चालते.

नवख्या माणसाची फसगत होते ती आकार उतरवताना. नक्षीचा कागदी छाप जसाच्या तसा पात्यावर काढला, तर रंधलेली गोलाई चपटी निघते. कारण रंध्यात पाते उभे नसते, ते साधारण ४५ अंशांनी कललेले असते. लाकडात १० मिलिमीटर खोल जायचे असेल, तर पात्यावर तीच खोली सुमारे १४ मिलिमीटर घ्यावी लागते, रुंदी मात्र आहे तेवढीच राहते. मिस्त्री हे गणित मांडत बसत नाहीत. त्यांनी रंध्याच्या शिसवी ठोकळ्याच्या तळाला आधी नक्षीचा उलटा आकार कोरून घेतला, कोरे पाते पाचर मारून जागेवर बसवले आणि रंधा उताणा धरून, तळाच्या वळणाबरोबर अणकुचीदार खिळा फिरवत पात्यावर रेघ ओढली. पाते कललेलेच असल्यामुळे रेघ आपोआप हवी तेवढी लांबट उमटते. कागदावरच्या हिशेबापेक्षा ही रीत अधिक भरवशाची वाटते, कारण ठोकळ्यात राहिलेली बारीकसारीक चूकही तिच्यात धरली जाते.

रेघेपर्यंतचे पोलाद गोल आणि त्रिकोणी कानशींनी काढताना मागच्या बाजूला सुमारे ३० अंशांचा उतार ठेवला जातो. गोलाईच्या एखाद्या वळणावर हा उतार कमी पडला, तर पात्याची टाच, म्हणजे उताराची मागची कड, लाकडाला घासते आणि धार लाकडापर्यंत पोहोचतच नाही.

आता पाणी द्यायचे, म्हणजे नरम केलेले पोलाद पुन्हा कडक करायचे. पाते लालभडक होऊन त्याला चुंबक चिकटेनासे झाले, की क्षणाचाही विलंब न लावता ते तेलात बुडवले जाते. या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा तापवायचे, पण धारेकडून नव्हे, मागच्या टोकाकडून. नीट पाहिले तर पिवळसर छटा हळूहळू धारेकडे सरकताना दिसते. वाळलेल्या गवताचा रंग धारेशी पोहोचला, म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस तापमान झाले, की पाते लगेच थंड करायचे. रंग निळ्यावर गेला, तर धार मऊ पडते आणि भट्टीचे सगळे काम पुन्हा करावे लागते.

धार लावताना उताराच्या बाजूला पॉलिशपेपर गुंडाळलेली गोल काठी फिरते. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच घासली जाते. धारेवर वळलेली पोलादाची बारीक किनार बोटाला लागते, ती चामड्यावर ओढून काढायची. पुढे धार बोथटली, तर शक्यतो सपाट बाजूच घासावी, कारण उताराला वारंवार हात लावला की नक्षी बदलते.

रंधणे सुरू होते ते फणसाच्या नव्या पट्टीच्या पुढच्या टोकापासून. प्रत्येक फेरीत मिस्त्री थोडे थोडे मागे सरकतात. सालपटे आधी धाग्यासारखी निघतात, मग रुंद होत जातात आणि रंध्याचा तळ लाकडाला पूर्ण टेकला, की पाते कापायचे आपोआप थांबते. नवा तुकडा पिवळाधमक आहे, जुनी चौकट काळपट तपकिरी. पण सांध्यावरून बोट फिरवले, तर ते कुठे अडत नाही.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडे पोलाद फार दिवस टिकत नाही. पात्याला तेलाचा हात देऊन मिस्त्री ते फडक्यात गुंडाळतात आणि उरलेला वीतभर नक्षीचा तुकडा त्याच फडक्यात, पात्याशेजारी ठेवतात.