किराणा ओळीतला समुद्र

(दृश्य : पहाटेचं खो-खोचं मैदान, नागपूर, महाल परिसर. चुन्याच्या रेषा. शिट्टी.)

सकाळचे साडेपाच. मे महिना आहे, म्हणजे नऊनंतर या मातीवर अनवाणी पाय टेकवता येणार नाही. आठ मुली रांगेत बसल्यात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलागावर आहे. आणि तिच्यापुढे पळतेय ना, डाव्या गुडघ्याला नी-कॅप लावलेली, ती आपली. वय सतरा. कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाली, पण नाव सांगायचं नाही या अटीवर. "नाव काऊन पाह्यजे? खेळ दाखवा ना."

तिच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली, गुडघ्याचं मलम आणि एक दोनशेपानी वही. वहीच्या डाव्या पानांवर स्कोअर, उजव्या पानांवर समुद्रातले प्राणी.

समुद्र तिनं पाहिलेला नाही. नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागलं की ७०१ किलोमीटरनंतर रस्ता संपतो, आणि तिथूनही समुद्र दिसत नाही. दिसतात ते मुंबईकडे निघालेले ट्रक.

मग हे वेड लागलं कुठून? पिंजऱ्यातून.

(दृश्य : घराची ओसरी, लव्हबर्डचा पिंजरा, तारेला अडकवलेला पांढरा लंबगोल तुकडा.)

दोन वर्षांपूर्वी खांबावर सूर मारताना तिचा गुडघा मुरगळला. सहा आठवडे पाय हलवायचा नाही. ओसरीत खाट टाकलेली, समोर आजोबांचे पक्षी. पक्षी दिवसभर त्या पांढऱ्या तुकड्यावर चोच घासायचे. हा कसला दगड, असं तिनं विचारलं. आजोबा म्हणाले, समुद्राचा फेस आहे तो, वाळलेला. इतवारीत किराणा ओळीत मिळतो, समुद्रफेन.

फेस असा कडक कसा होईल? तिला पटेना. तिनं तो तुकडा बादलीत टाकला. तरंगला. दाबून खाली नेला, सोडला, टुणकन वर आला.

फेस नव्हताच तो. कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्याच्या जातकुळीतल्या कटलफिशच्या अंगातलं ते कवच. नावात फिश असलं तरी हा मासा नव्हे, गोगलगायीचा आणि शिंपल्याचा नातेवाईक. त्या कवचात पातळ पातळ पडद्यांचे अनेक कप्पे असतात. कप्प्यात पाणी किती आणि वायू किती हे प्राणी स्वतः बदलतो, आणि त्यावर पाण्यात तरंगायचं की खाली बसायचं ते ठरतं. तीन हृदयं, निळसर हिरवं रक्त, इंग्रजी डब्ल्यूसारखी बाहुली. क्षणात कातडीचा रंग बदलणारा हा प्राणी स्वतः मात्र रंगांधळा.

घरात दहा वर्षं लटकत होता तो तुकडा. आपण किती वस्तूंना नुसत्या नावावर सोडून देतो!

पण तिला खरं पकडलं ते शाईनं.

(दृश्य : मैदान. तिची हूल, हळू गतीत.)

खो-खोचा एक नियम नीट समजून घ्या. पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही, मुली बसतात ती मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला दोन्ही मोकळं. त्यामुळे पळतीचा खेळ निव्वळ पायांचा नसतो. समोरचीला चुकीच्या बाजूला वळायला लावायचं, तिचे खांदे फिरले रे फिरले की आपण उलट्या बाजूला. यालाच हूल म्हणायचं.

आता कटलफिशकडे या. शिकारी मासा मागे लागला की ती शाई सोडते हे आपण शाळेत ऐकलेलं असतं, आणि पाण्यात काळोख करून पळते अशी आपली समजूत असते. तसंही करते ती. पण कधीकधी शाईत चिकट द्रव जास्त असतो. मग ती शाई पसरत नाही, प्राण्याच्याच आकाराचा एक गोळा होऊन पाण्यात राहते. शिकारी त्या गोळ्यावर झडप घालतो. खरी कटलफिश तोवर फिकट पडून दुसरीकडे निघून गेलेली असते.

"मी पह्यले लय जोरात पळाची," ती सांगते. "दीड मिनिटात दम जाये न् गडी बाद. मंग समजलं का बा, पळाचं नाही, मागं आपला गोळा ठेवाचा."

तिच्या कोचना ही शाई-बिई काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की गुडघ्यानंतर पोरगी हळू झाली आणि तरी बाद होईना.

(दृश्य : वहीची पानं.)

वही चाळायला दिली तिनं, दहा मिनिटांपुरती. डावीकडे २ मार्च २०२५, जामठा, रणजी फायनलचा पाचवा दिवस : केरळविरुद्ध सामना अनिर्णित, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता. उजवीकडे समुद्रकाकडी, संकटात स्वतःची आतडी बाहेर फेकते आणि नंतर नवी वाढवते. या दोन पानांचा संबंध काय, ते मला कळलं नाही. तीही हसली फक्त.

एका पानावर खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव. चेंडू ताशी १४० किलोमीटर, हवेत. समोर मँटिस श्रिंप, कोळंबीसारखा समुद्री प्राणी, लांबी बोटाएवढी, ठोसा ताशी ८० किलोमीटर, आणि तोही पाण्यात. पाण्यात! एवढा वेग नुसत्या स्नायूचा नसतो. आधी अंगातली खोगिरासारखी स्प्रिंग ताणून खिटी लावायची, मग खिटी सोडायची. या पानाखाली लाल पेनानं लिहिलंय : खो मिळताना उठायचं असं.

आणि जुलै २०२५. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून. सगळं शहर नाचत होतं. आपल्या या मुलीनं नकाशा काढला. बटुमी काळ्या समुद्राच्या काठावर. उजव्या पानावर नोंद : साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली या पाण्यात ऑक्सिजन नाही. मासे नाहीत, माकूल नाही. बुडालेल्या जुन्या लाकडी जहाजांची लाकडं मात्र तिथे शाबूत.

नागपुरात समुद्राचं काही सापडतं का, हेही तिनं शोधलं. मिशनरी आणि भूगर्भाचा अभ्यासक स्टीफन हिस्लॉपला एकोणिसाव्या शतकात इथल्याच टाकळीच्या खडकात शंख सापडले होते. गोड्या पाण्यातले निघाले. वहीत पुढे फक्त एक फुली आहे.

(दृश्य : मैदानाच्या कडेला बादली. सराव संपलाय. छोट्या मुली.)

साडेसात. ऊन चढतंय. बादली पाय धुवायला भरलेली. ती खिशातून पांढरा तुकडा काढते आणि पाण्यात सोडते. सब-ज्युनियरच्या पोरी गोल करून वाकतात. एक जण बोटानं तो खाली ढकलते. वर येतो. पुन्हा ढकलते.

"ताई, हे बुडत काऊन नाही व?"

"तू आज तीन वेळा खो न मिळताच उठली. आधी नीट बसाले शिक, मंग सांगतो."

पोरगी तिथेच, बादलीशेजारी, उकिडवी बसते.